विश्लेषण : फोनमधल्या ग्राफिक्स चिपची मेमरी कोण सांभाळतं? आणि तिथली चूक आपल्याला महागात का पडू शकते?

फोन घेताना आपण तीन गोष्टी हमखास विचारतो. कॅमेरा कसा आहे, बॅटरी किती आहे आणि रॅम किती आहे. दुकानदाराने '८ जीबी' म्हटलं की आपलं समाधान होतं. पण ही ८ जीबी रॅम एकट्या आपल्या अॅप्ससाठी नसते. स्क्रीनवर चित्र काढणारी ग्राफिक्स चिप, कॅमेऱ्याचं काम करणारी चिप, नेटवर्क सांभाळणारा मॉडेम हे सगळे त्याच रॅममध्ये आपापली जागा मागत असतात. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये '८ जीबी, त्यातली ७.४ जीबी वापरण्याजोगी' अशी काहीशी ओळ तुम्ही पाहिली असेल. मधली गायब झालेली रॅम चोरीला गेलेली नसते. ती या चिप आणि इतर हार्डवेअरसाठी राखून ठेवलेली असते.

कुणाला किती जागा द्यायची, ती कधी परत घ्यायची आणि कुणी कुणाच्या जागेत डोकवायचं नाही, हा सगळा हिशोब ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुळाशी बसलेला एक कारभारी ठेवतो. त्याचं नाव कर्नल. गेल्या काही वर्षांत अँड्रॉइड फोनवर झालेल्या काही गंभीर हल्ल्यांची वाट याच हिशोबातल्या चुकीतून गेली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आर्म, ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि पुन्हा जून २०२५ मध्ये क्वालकॉम, अशा बड्या कंपन्यांना हे जाहीरपणे मान्य करावं लागलं.

हा प्रकार नेमका आहे काय आणि आपल्या खिशातल्या फोनशी त्याचा संबंध काय, हे समजून घेऊ.

कर्नल म्हणजे काय?

आपल्याला दिसतात ती अॅप्स. व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम, बँकेचं अॅप. यातलं कुठलंही अॅप थेट हार्डवेअरला हात लावू शकत नाही. त्याला मेमरी हवी असो, कॅमेरा हवा असो की स्क्रीनवर काही दाखवायचं असो, त्याला कर्नलकडे मागणी करावी लागते. अँड्रॉइडमधला कर्नल म्हणजे लिनक्स. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला हाच प्रकल्प आज फोनपासून महासंगणकापर्यंत सगळीकडे चालतो.

कर्नल रॅमचे छोटे छोटे तुकडे करतो. त्यांना पेज म्हणतात. वर्षानुवर्षं एका पेजचा आकार ४ केबी राहिला आहे. अँड्रॉइड १५ पासून १६ केबीच्या पेजची सोय आली. प्रत्येक अॅपला कर्नल एक नकाशा देतो. 'तुझी पेज इथे इथे आहेत' एवढंच त्यात असतं. दुसऱ्या अॅपची पेज त्या नकाशात नसतातच. त्यामुळे एखाद्या गेमने कितीही आटापिटा केला तरी त्याला बँकेच्या अॅपची मेमरी दिसत नाही. फोनची सगळी सुरक्षितता या एका गोष्टीवर उभी आहे.

मग चिपना मेमरी कशी मिळते?

इथून गोष्ट गुंतागुंतीची होते. ग्राफिक्स चिप, म्हणजे जीपीयू, मुख्य प्रोसेसरच्या मागे मागे चालणारी चिप नाही. तिला स्वतःहून रॅममध्ये वाचता-लिहिता येतं. प्रत्येक वेळी प्रोसेसरला मध्ये घ्यायचं म्हटलं तर व्हिडिओ अडखळत चालेल. म्हणून तिला थेट प्रवेश दिलेला असतो. या पद्धतीला डीएमए म्हणतात.

पण थेट प्रवेश म्हणजे मोकाट प्रवेश नव्हे. जीपीयूलाही स्वतःचा नकाशा असतो. म्हणजे एकाच पेजची नोंद आता दोन ठिकाणी झाली. एक अॅपच्या नकाशात, दुसरी जीपीयूच्या नकाशात. हे दोन्ही नकाशे जुळते ठेवण्याचं काम कर्नलमधला एक भाग करतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात आणि तो बहुतेकदा चिप बनवणारी कंपनीच लिहिते.

मोठ्या संगणकांत हा मामला आणखी पुढे जातो. तिथे ग्राफिक्स कार्डवर त्याची स्वतःची वेगळी मेमरी बसवलेली असते. ती भरली की ड्रायव्हर कमी वापरातला डेटा उचलून मुख्य रॅममध्ये नेतो आणि लागला की परत आणतो. एआयच्या मोठमोठ्या मॉडेलना महागडी ग्राफिक्स कार्ड लागतात, त्यामागे कार्डवरच्या या मेमरीचा मोठा वाटा असतो.

चूक कुठे होते? माहुलच्या खोलीचं उदाहरण घेऊ

चेंबूरच्या पुढे, तेल शुद्धीकरण कारखान्यांना लागून माहुल आहे. इथल्या प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतीत ७२ इमारती आणि १७,२०५ घरं आहेत. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्यावर तिथल्या कित्येक कुटुंबांना इथे पाठवलं गेलं. प्रदूषणामुळे लोकांनी विरोध केला, आंदोलन झालं, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. २०१९ मध्ये न्यायालयाने, इथे राहायला तयार नसलेल्यांना दुसरीकडे घर देता येत नसेल तर महिन्याला १५,००० रुपये भाडं द्या, असा आदेश दिला. खोली कुणाच्या नावावर, ताबा कुणाकडे आणि चावी कुणाच्या हातात, या तीन गोष्टी वेगळ्या असू शकतात हे इथल्या माणसाला सांगायला नको.

आता समजा, एका खोलीच्या दोन चाव्या आहेत. एक घरमालकाकडे, दुसरी त्याने सुताराला दिलेली. घरमालकाने खोली सोडली आणि आपली चावी ऑफिसात जमा केली. रजिस्टरात नोंद झाली, 'खोली रिकामी'. सुताराकडची चावी मागायची मात्र राहून गेली. पुढच्या आठवड्यात ती खोली दुसऱ्या कुटुंबाला मिळाली. त्यांनी कपाट लावलं, त्यात कागदपत्रं ठेवली. रजिस्टर पाहिलं तर सगळं बरोबर आहे. पण सुतार अजूनही कुलूप उघडून आत जाऊ शकतो.

मेमरीत अगदी असंच होतं. अॅप म्हणतं, 'हे पेज आता नको.' ड्रायव्हरने अशा वेळी अॅपच्या नकाशातली नोंद खोडायची, जीपीयूच्या नकाशातलीही खोडायची आणि मगच पेज कर्नलला परत द्यायचं. यातली दुसरी पायरी चुकली, किंवा क्रम उलटसुलट झाला, तर पेज 'रिकामं' म्हणून दुसऱ्याला दिलं जातं, पण जीपीयूची चावी चालूच राहते. नवा मालक बँकेचं अॅप असू शकतो. खुद्द कर्नलही असू शकतो.

ते पेज कर्नलच्या स्वतःच्या नोंदवहीसाठी गेलं, तर हल्लेखोर जीपीयूमार्फत त्या नोंदवहीतच लिहू शकतो. 'मला सगळे अधिकार आहेत' एवढं लिहिलं की फोन त्याचा. संगणकाच्या भाषेत या चुकीला 'यूज आफ्टर फ्री' म्हणतात. सोडून दिलेली जागा वापरत राहणं.

आतापर्यंत काय काय घडलं?

२०२२ : गुगलच्या प्रोजेक्ट झीरो या टीममधले संशोधक यान हॉर्न यांनी आर्म कंपनीच्या माली जीपीयूच्या ड्रायव्हरमध्ये पाच दोष शोधले. त्यातले तीन वर सांगितलेल्या प्रकारचे होते, म्हणजे पेज परत गेलं पण प्रवेश शिल्लक. आर्मने जुलै-ऑगस्टमध्ये दुरुस्ती केली.

ऑक्टोबर २०२३ : माली ड्रायव्हरमधला आणखी एक दोष उघड झाला. त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२३-४२११. सोडलेल्या मेमरीपर्यंत साध्या अॅपला पोहोचता येत होतं. काही निवडक लोकांवर त्याचा वापर झाल्याच्या खुणा असल्याचं आर्मनेच सांगितलं.

ऑक्टोबर २०२४ : या वेळी क्वालकॉमची पाळी होती. दोष जीपीयूत नव्हता. आवाज आणि इतर सिग्नलचं काम करणाऱ्या डीएसपी या चिपच्या ड्रायव्हरमध्ये होता. ६४ चिपसेटना त्याचा धोका होता. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या सिक्युरिटी लॅबने याचा वापर झाल्याचं नक्की केलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अॅम्नेस्टीने सर्बियातल्या पत्रकार आणि कार्यकर्त्यांच्या फोनबद्दलचा अहवाल प्रसिद्ध केला. पोलिसांच्या ताब्यात गेलेले फोन कसे उघडले गेले, हे शोधताना हा दोष सापडला होता.

जून २०२५ : क्वालकॉमच्या अॅड्रिनो जीपीयूमधल्या तीन दोषांचा हल्ल्यांसाठी वापर होत असल्याचं समोर आलं. त्यातला एक क्रोम ब्राउझरमध्ये ग्राफिक्स दाखवताना सोडलेली मेमरी पुन्हा वापरली जाण्याचा होता.

हल्लेखोरांना ग्राफिक्स चिपच का आवडते?

कारण सोपं आहे. अॅपला कॅमेरा हवा असेल तर ते तुमची परवानगी मागतं. लोकेशन हवं असेल तरी मागतं. पण 'ग्राफिक्स चिप वापरू का?' असं कुठल्या अॅपने तुम्हाला कधी विचारलंय? स्क्रीनवर काहीही दाखवायचं तर जीपीयू लागतोच. त्यामुळे हा दरवाजा प्रत्येक अॅपला उघडा ठेवावा लागतो.

दुसरं कारण संख्येचं. अँड्रॉइड फोन शेकडो प्रकारचे असले तरी त्यातले जीपीयू मोजक्या घराण्यांचे. स्नॅपड्रॅगन चिप म्हणजे अॅड्रिनो, मीडियाटेकच्या बहुतेक चिपमध्ये माली. एका ड्रायव्हरमध्ये भोक सापडलं की वेगवेगळ्या कंपन्यांचे कोट्यवधी फोन एकदम टप्प्यात येतात.

कर्नलमध्ये चूक झाली तर किती मोठा गोंधळ होतो?

याचा अनुभव मुंबईने घेतलेला आहे. १९ जुलै २०२४ ची सकाळ आठवा. विमानतळांवरच्या स्क्रीन निळ्या झाल्या, चेक-इन बंद पडलं, मुंबईसह अनेक विमानतळांवर रांगा लागल्या आणि देशात काही प्रवाशांच्या हातात चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. कारण होतं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक अपडेट, जे भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी गेलं.

तो सायबर हल्ला नव्हता आणि त्याचा जीपीयूशीही संबंध नव्हता. पण चूक मेमरीचीच होती. विंडोजच्या कर्नलमध्ये चालणाऱ्या या कंपनीच्या ड्रायव्हरला २० गोष्टी वाचायला मिळत होत्या. नव्या फाइलमुळे तो २१ वी वाचायला गेला. ती जागा त्याची नव्हतीच. साध्या अॅपने असं केलं असतं तर ते अॅप बंद पडलं असतं, बस. पण कर्नलच्या आत असं झालं की यंत्रणा पुढे जायला नकार देते आणि अख्खा संगणक बंद पडतो. साधारण दीड तासात अपडेट मागे घेतलं गेलं, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक बंद पडले होते.

इथे चूक नुसत्या वाचनाची होती आणि संगणक लगेच थांबला, म्हणून ती सगळ्यांना दिसली. जीपीयू ड्रायव्हरमधली चूक कुणी हुशारीने वापरली तर काहीच थांबत नाही. फोन छान चालत राहतो. तो आता दोघांसाठी चालतो, एवढाच फरक.

दुरुस्ती होते, मग अडतं कुठे?

खरी अडचण इथे आहे. आर्म किंवा क्वालकॉमने दुरुस्ती केली म्हणजे तुमच्या फोनमध्ये ती आली असं होत नाही. चिप कंपनीकडून ती फोन बनवणाऱ्या कंपनीकडे जाते. ती कंपनी आपल्या प्रत्येक मॉडेलसाठी ती बसवते, तपासते आणि मग अपडेट पाठवते.

या साखळीत किती वेळ जातो? वर २०२२ च्या पाच दोषांचा उल्लेख आला. आर्मने ते ऑगस्टपर्यंत दुरुस्त केले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रोजेक्ट झीरोने पुन्हा तपासलं, तेव्हा त्यांनी तपासलेल्या माली जीपीयूच्या एकाही फोनमध्ये दुरुस्ती पोहोचली नव्हती. त्यात खुद्द गुगलचे पिक्सल फोनही होते. म्हणजे दोष काय आहे हे जगाला कळलं, औषधही तयार होतं, पण रुग्णापर्यंत ते गेलंच नाही.

आणि ही कथा ज्यांना अपडेट मिळतात त्या फोनची. ज्यांना ते मिळणंच बंद झालं आहे, त्यांचं काय?

स्वस्त आणि जुन्या फोनचा प्रश्न

पिक्सल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून महागड्या फोनना सात वर्षं अपडेट देण्याचं आश्वासन मिळू लागलं आहे. सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ ५जी सारख्या तुलनेने स्वस्त फोनलाही सहा वर्षांचं आश्वासन दिलं. पण अनेक स्वस्त फोन दोन-तीन वर्षांतच यादीबाहेर जातात. त्यानंतर सापडलेला प्रत्येक दोष त्या फोनमध्ये कायमचा राहतो.

आता माहुलसारख्या वस्तीत एका घरातला फोन डोळ्यांसमोर आणा. मोठ्या मुलाने वापरून आईला दिलेला, स्क्रीनला तडा गेलेला, पण चालू. याच फोनवर यूपीआय आहे. गॅस बुकिंग आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा आधारचा ओटीपी याच फोनवर आला. घराची कागदपत्रं, कोर्टाच्या तारखांचे मेसेज, मुलांच्या शाळेचा ग्रुप, सगळं यातच. घरात ज्या फोनवर सगळ्यात जास्त भार, नेमकं त्याचंच अपडेट बंद.

त्यात २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव चढले आहेत. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीला जास्त पैसे मिळतात, म्हणून कंपन्या तिकडे वळल्या. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रुशल हा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. रॅम महागली की सगळ्यात आधी झळ बसते ती स्वस्त फोनला, कारण तिथे नफा आधीच कमी असतो. नवा फोन परवडला नाही की जुना आणखी वर्षभर ओढला जातो. म्हणजे मेमरीच्या भावाचा थेट संबंध मेमरीच्या सुरक्षिततेशी येऊन पोहोचतो.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम लागू केला आहे. मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे. भारतात ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाबद्दलचा अहवाल दिला. फोन दुरुस्त करणं किती सोपं आहे, हे ग्राहकाला खरेदीच्या वेळीच कळावं, अशी त्यामागची कल्पना आहे. 'सुरक्षा अपडेट अमुक तारखेपर्यंत' ही ओळ किमतीइतक्याच ठळक अक्षरांत खोक्यावर आली, तर ग्राहकाला निवड करता येईल.

कायमचा उपाय आहे का?

यातल्या बऱ्याच चुकांचं मूळ सी या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत आहे. सी वेगवान आहे, पण जागा परत केल्यावर सगळ्या चाव्या जमा झाल्या का, हे ती तपासत नाही. ते प्रोग्रामरने लक्षात ठेवायचं. रस्ट ही नवी भाषा हा हिशोब प्रोग्राम तयार होतानाच मागते. मेळ बसला नाही तर प्रोग्राम तयारच होत नाही.

अँड्रॉइडमध्ये नवा कोड रस्टसारख्या सुरक्षित भाषांमध्ये लिहायला सुरुवात झाल्यावर, एकूण दोषांमधलं मेमरीच्या दोषांचं प्रमाण २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आल्याचं गुगलने सांगितलं. लिनक्स कर्नलमध्ये रस्टला डिसेंबर २०२२ मध्ये प्रवेश मिळाला. माली जीपीयूसाठीही रस्टमध्ये नवा ड्रायव्हर लिहिला जातो आहे.

पण रस्ट म्हणजे जादूची कांडी नाही. हार्डवेअरशी बोलताना काही भाग या तपासणीबाहेर ठेवावाच लागतो आणि तिथे चूक होऊ शकते. कर्नलमधल्या रस्ट कोडला पहिला सीव्हीई क्रमांक डिसेंबर २०२५ मध्ये मिळालाही. शिवाय नवा ड्रायव्हर नव्या फोनमध्ये येईल. आईच्या हातातल्या फोनमध्ये नाही.

मग आपण काय करायचं?

आधी घाबरणं सोडा. वर सांगितलेले हल्ले निवडक लोकांवर झाले. सामान्य माणसाला आजही जास्त धोका आहे तो ओटीपी विचारणाऱ्या फोनचा आणि व्हॉट्सअॅपवर 'आरटीओ चलान' म्हणून आलेल्या बनावट एपीके फाइलचा. अशा फसवणुकीला बहुतेकदा कर्नलमधल्या दोषाची गरजही पडत नाही. आपणच दिलेल्या परवानग्या पुरतात. पण आत शिरलेल्या खोट्या अॅपला जुना, दुरुस्त न झालेला कर्नल मिळाला, तर नुकसान कितीतरी वाढू शकतं. म्हणून चार गोष्टी करा.

• सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', मग 'अँड्रॉइड व्हर्जन' उघडा. तिथे सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसेल. ती ५ ऑगस्ट २०२५ किंवा त्यानंतरची असेल, तर अॅड्रिनोच्या जून २०२५ च्या प्रकरणात हल्ल्यांसाठी वापरलेल्या प्रमुख दोषांची दुरुस्ती तुमच्याकडे आलेली आहे.

• अपडेटचा मेसेज आला की 'नंतर' दाबू नका. डेटा संपेल म्हणून टाळत असाल तर वाय-फाय मिळेल तिथे करून घ्या.

• अपडेट येणं बंद झालेला फोन असेल तर त्यावर बाहेरून आलेली एपीके फाइल अजिबात टाकू नका. अॅप्स कमीत कमी ठेवा. क्रोम आणि इतर अॅप्स प्ले स्टोअरवरून अपडेट होत राहतात, ती करत राहा.

• नवा किंवा जुना फोन घेताना रॅमबरोबर आणखी एक प्रश्न विचारा. 'याला सिक्युरिटी अपडेट कधीपर्यंत मिळणार?' दुकानदाराला उत्तर माहीत नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवर पाहा, आणि घरात फोन खाली सरकवताना, म्हणजे मुलाचा आईला किंवा आजोबांना देताना, हीच तारीख आधी तपासा.

८ जीबी की १२ जीबी हा प्रश्न चुकीचा नाही. खोली मोठी असलेली बरीच. पण ती घेताना जुन्या चाव्या कुणाकडे राहिल्या आहेत का आणि कुलूप बदलून द्यायला कुणी बांधील आहे का, हेही विचारायला हवं.